आईचा एनटी-प्रोबीएनपी २८४०: हृदयातून स्रवणारी संप्रेरकं आणि हार्ट फेल्युअर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ७१ वर्षांच्या. १५ वर्षांपासून मधुमेह आणि बीपी, वजन ८४ किलो. एक जिना चढला की दम लागतो, रात्री डोक्याखाली दोन उशा लागतात, संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. चार महिन्यांपूर्वी एका लॅबमध्ये बीएनपी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी, ४१० आला, पाण्याची गोळी (लघवीवाटे जास्तीचं पाणी काढणारी) सुरू झाली. आता दुसऱ्या लॅबमध्ये एनटी-प्रोबीएनपी २८४० आलाय, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.४ आहे. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ६० टक्के. डॉक्टर म्हणतात हार्ट फेल्युअर आहे. तुम्हाला तीन गोष्टी छळतायत: चार महिन्यांत आकडा सातपट कसा झाला, पंपिंग चांगलं असताना हार्ट फेल कसं, आणि ही तपासणी दर महिन्याला करायची का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यानेच तुमची झोप उडालेली दिसतेय. आकडा सातपट झालेला नाही. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. नावं सारखी, एकक तेच, पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, पण मोजलं जातं ते वेगळं. एकाच माणसाचं एकाच वेळी रक्त घेतलं तरी एनटी-प्रोबीएनपीचा आकडा बीएनपीच्या कितीतरी पट येतो. किती पट, याचं ठरलेलं कोष्टक नाही. वय आणि मूत्रपिंडाचं काम यांवर ते बदलतं. त्यामुळे या दोन रिपोर्टांवरून आईंचा आजार वाढला की कमी झाला, हे मला सांगता येणार नाही आणि कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या ओपीडीत असे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून रडवेले झालेले नातेवाईक महिन्यातून एकदा तरी येतात.

दुसरं, तो शब्द. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला, असाच अर्थ आहे. डॉक्टर मात्र हार्ट फेल्युअर म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की शरीराला लागतं तेवढं रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलतं पण त्यासाठी आतला दाब वाढवून. हृदय बंद पडलेलं नसतं. या आजारासह माणसं वर्षानुवर्षं घरात वावरतात. आईंच्या कानावर हा शब्द गेला असेल तर एवढं त्यांना आजच बसून सांगा.

आता त्या संप्रेरकाकडे येतो. आपण शाळेत शिकलो की हृदय म्हणजे पंप. संप्रेरकं स्रवण्याचं काम थायरॉइड, स्वादुपिंड, अधिवृक्क अशा ग्रंथींचं. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर १९५० च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट दिसली: हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या पेशींत बारीक गोल कण असतात, अगदी ग्रंथींच्या पेशींत असतात तसे. खालच्या कप्प्यांत, निलयांत, ते दिसत नव्हते. त्याच सुमारास, १९५६ मध्ये, हेन्री आणि गाउअर यांनी कुत्र्यांच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवला तर लघवीचं प्रमाण वाढतं, असं दाखवलं होतं. हृदयाचा आणि लघवीचा काहीतरी धागा आहे एवढं कळलं होतं, पण तो कोणता, हे उकलायला पुढे पंचवीस वर्षं लागली.

कॅनडातल्या किंग्स्टन इथे काम करणारे अडोल्फो द बोल्ड, मूळचे अर्जेंटिनाचे, त्या कणांच्या मागे लागले होते. त्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढला आणि तो दुसऱ्या उंदरांना शिरेतून टोचला. काही मिनिटांत त्या उंदरांच्या लघवीतून मीठ आणि पाणी भरभरून बाहेर पडायला लागलं. निलयांचा अर्क दिला तर असं काही झालं नाही. १९८१ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि हृदय ही एक ग्रंथीही आहे, हे मान्य करावं लागलं. त्या पदार्थाला पुढे एएनपी म्हणू लागले, अलिंदातून येणारं आणि मीठ बाहेर काढणारं म्हणून.

हे संप्रेरक काम करताना तुम्हाला घरातही दिसू शकतं. ज्यांना अचानक हृदयाची धडधड सुरू होण्याचा त्रास असतो, त्यांना विचारा. धडधड अर्धा-पाऊण तास चालली की ते सांगतात, ‘डॉक्टर, त्यानंतर तीन-चारदा लघवीला जावं लागलं, नुसती पाण्यासारखी.’ वेगाने धडधडणाऱ्या हृदयात अलिंदं ताणली जातात, साठवलेलं एएनपी रक्तात सुटतं आणि मूत्रपिंड मीठ-पाणी सोडून देतं. पेशंटला वाटतं घाबरल्यामुळे झालं.

बीएनपी सापडलं १९८८ मध्ये, जपानमधल्या मियाझाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, मात्सुओ आणि कांगावा यांच्या गटाला, आणि तेही डुकराच्या मेंदूत. म्हणून त्याच्या नावातल्या ‘बी’चा अर्थ ब्रेन, मेंदू. लवकरच कळलं की माणसात ते मुख्यतः हृदयाच्या निलयांत तयार होतं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. मेंदूचा रिपोर्ट कशाला काढला, असं विचारणारे लोक मला भेटले आहेत, आणि त्यांची चूक नाही.

एएनपी आणि बीएनपी यांत एक फरक आहे आणि तो आईंच्या रिपोर्टशी थेट जोडलेला आहे. एएनपी आधीच बनवून साठवलेलं असतं, ताण आला की सुटतं. बीएनपीचा साठा फारसा नसतो. निलयाच्या भिंतीवर ताण पडत राहिला की पेशी त्याचं जनुक चालू करते आणि गरजेप्रमाणे ते बनवायला घेते. म्हणून रक्तातलं बीएनपी हृदयाच्या भिंतीवर सध्या चाललेल्या ताणाचं चांगलं माप ठरतं. पेशी आधी १०८ अमिनो आम्लांची एक लांब साखळी बनवते, तिला प्रोबीएनपी म्हणतात. ती कापली जाते आणि दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी, हा कामाचा, रक्तवाहिन्या सैलावणारा, मीठ बाहेर काढणारा. उरलेला ७६ चा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी, त्याला स्वतःचं असं काही काम नाही. पण जेवढं बीएनपी सुटतं तेवढाच तोही सुटतो, आणि बीएनपी २० मिनिटांत निम्मं होतं तर हा तास-दोन तास रक्तात टिकतो. म्हणूनच त्याचा आकडा मोठा येतो. नमुनाही टिकाऊ असतो. बीएनपीचं रक्त ठरावीक नळीत घेऊन लवकर तपासावं लागतं, तर एनटी-प्रोबीएनपीचा नमुना तालुक्याच्या गावाहून शहरातल्या लॅबला पोचेपर्यंत तग धरतो. आमच्यासारख्या लहान शहरात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे.

इथे चाणाक्ष माणसाला शंका येतेच, आणि एका निवृत्त शिक्षकांनी ती मला वॉर्डात विचारली होती. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ते बसले होते. मी नडगीवर अंगठा दाबून काढला तर बोराएवढा खड्डा पडला आणि बराच वेळ भरून आला नाही. ते त्या खड्ड्याकडे बघत म्हणाले, ‘हे संप्रेरक पाणी बाहेर काढतं म्हणता, आणि ते माझ्या रक्तात दहापट आहे म्हणता, मग हे पाणी इथे कसं?’

मला वाटतं, या सगळ्या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे. हार्ट फेल्युअरमध्ये मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं. शरीराला वाटतं, रक्त वाहून गेलंय किंवा पाणी आटलंय. मग रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही जुनी साखळी जागी होते आणि मीठ-पाणी धरून ठेवते. अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची रसायनं रक्तवाहिन्या आवळतात. बीएनपी नेमकं याच्या उलट ओढतं. पण ओढाताणीत त्याची बाजू लंगडी पडते. रक्तात सापडणारं बरंचसं बीएनपी नीट कापलं न गेलेलं, अर्धवट कामाचं असतं. मूत्रपिंडाचा प्रतिसादही बोथट होतो. शिवाय नेप्रिलायसिन नावाचं एक एन्झाइम त्याचे तुकडे करत असतं. म्हणजे रिपोर्टवरचा मोठा आकडा म्हणजे हृदयाने मोठ्याने मारलेली हाक आहे; समोरून हवं तसं उत्तर येत नाही, म्हणून हाक वाढत जाते.

मग बाहेरूनच बीएनपी का देऊ नये? तेही करून पाहिलं गेलं. नेसिरिटाइड नावाने ते औषध म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढे ७००० हून जास्त पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये निकाल आला: दम किंचित कमी होतो, मृत्यू कमी होत नाहीत, रक्तदाब मात्र घसरतो. दुसरी वाट यशस्वी ठरली, शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकाला वाचवण्याची. सॅक्युबिट्रिल हे औषध नेप्रिलायसिनला अडवतं, आणि जोडीला दिलेलं व्हॅल्सार्टन अँजिओटेन्सिनला. २०१४ च्या अभ्यासात ८४०० च्या आसपास, पंपिंग कमी असलेल्या पेशंटमध्ये एनालाप्रिल या जुन्या औषधाच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती हा धोका एक पंचमांशाने घटला. हे औषध चालू असेल तर एक पथ्य सांभाळायचं: बीएनपी तपासायचं नाही. ते तुटणंच कमी झालेलं असल्यामुळे आकडा फसवतो. एनटी-प्रोबीएनपी नेप्रिलायसिनने तुटत नाही, म्हणून तोच पाहायचा.

आता आकडा वाचायचा कसा. लॅबच्या कागदावर ‘१२५ पर्यंत नॉर्मल’ छापलेलं असतं आणि तुम्ही २८४० ला १२५ ने भागून घाबरता. ती १२५ ची रेघ कशासाठी आहे ते समजून घ्या. ओपीडीत आलेल्या, दम लागणाऱ्या माणसाचा एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या खाली किंवा बीएनपी ३५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता फार कमी, एवढंच ती सांगते. कॅज्युअल्टीत धापा टाकत आलेल्या पेशंटसाठी हीच रेघ ३०० आणि १०० वर असते. २००२ मध्ये असा दम लागून आलेल्या १५८६ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १०० ही बीएनपीची रेघ धरून १०० पैकी ८३ वेळा निदान बरोबर आलं. दम हृदयाचा की फुप्फुसाचा, हे रात्री दोन वाजता ठरवणाऱ्या डॉक्टरसाठी ही केवढी मोठी मदत आहे, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणजे ही तपासणी सर्वांत भरवशाची कधी, तर आकडा कमी येतो तेव्हा. वर गेलेला आकडा मात्र चौकशी सुरू करा म्हणतो. वय वाढलं की तो वाढतो, म्हणून अचानक दम लागून आलेल्यांसाठी एनटी-प्रोबीएनपीच्या वरच्या रेघाही वयानुसार आखल्या आहेत: पन्नाशीच्या आत ४५०, ५० ते ७५ ला ९००, त्यापुढे १८००. मूत्रपिंड कमी काम करत असेल तर आकडा चढतो; आईंचं १.४ क्रिएटिनिन ७१ व्या वर्षी दुर्लक्ष करण्यासारखं नाही, २८४० मधला काही भाग त्याचा असणार. फुप्फुसात रक्ताची गुठळी, मोठा जंतुसंसर्ग, जुना फुप्फुसाचा आजार, यांतही तो वर जातो. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा आजार, एकटाच आकडा बराच चढवू शकतो. ईसीजीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. तो काढला नसेल तर काढाच, कारण ठोके अनियमित असतील तर अर्धांगवायू टाळण्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा विचार करावा लागतो, आणि तो प्रश्न बीएनपीपेक्षा जास्त निकडीचा आहे.

आकडा खोटा कमी येण्याचं मुख्य कारण लठ्ठपणा. हे मी पुस्तकातून नाही, चुकीतून शिकलो. बरीच वर्षं झाली. नव्वदीच्या पुढे वजन असलेल्या एक बाई दम लागतो म्हणून आल्या, बीएनपी ८८. शंभराच्या आत आहे, हृदयाचं नाही, असं म्हणून मी त्यांना दम्याचा पंप दिला. तिसऱ्या रात्री त्या बसूनच श्वास ओढत परत आल्या, छाती पाण्याने भरलेली. त्या वाचल्या. लठ्ठ माणसात हे संप्रेरक रक्तात कमीच असतं. फार वजन असेल तर ती रेघ निम्म्यावर आणून वाचावी लागते, हे मला त्या दिवसापासून विसरता आलेलं नाही. म्हणून आईंचं ८४ किलो वजन मी वर मुद्दाम नोंदवलं. त्यांच्यात मूत्रपिंड आकडा वर ढकलतंय, तर वजन खाली ओढतंय. एवढं असूनही २८४० आणि जोडीला दोन उशा, घोट्याची सूज. मला तुमच्या डॉक्टरांचं निदान पटतं.

आणखी एक छोटी गोष्ट. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या आजकाल घरोघरी घेतल्या जातात. काही यंत्रांच्या पद्धतीत त्यामुळे एनटी-प्रोबीएनपी खोटा कमी येऊ शकतो. आई घेत असतील तर लॅबला आधी सांगा.

आता ते ६० टक्के पंपिंग. हृदयाला दोन कामं असतात: आकुंचन पावून रक्त ढकलणं आणि सैल होऊन रक्त आत घेणं. इकोतला टक्का पहिल्या कामाचा. वर्षानुवर्षं बीपी, मधुमेह आणि वजन अंगावर वागवलेल्या हृदयाची भिंत जाड आणि ताठ होते, ती ढकलते ठीक, पण सैल पडत नाही. मग आत येणारं रक्त मागे तुंबतं, डावं अलिंद फुगतं, फुप्फुसात पाणी झिरपतं आणि जिना चढताना दम लागतो. पंपिंग चांगलं असलेलं हार्ट फेल्युअर हे असं. आईंच्या वयाच्या, बीपी-मधुमेह असलेल्या बायकांमध्ये ते खूप दिसतं, आणि ‘इको नॉर्मल आहे, वयामुळे होतं’ म्हणून त्यांचा दम वर्षानुवर्षं घरात झाकला जातो. याचा मला खरोखर त्रास होतो. तुम्ही इकोचा पूर्ण रिपोर्ट काढून बघा. टक्क्यापाशी थांबू नका. त्यात डाव्या अलिंदाचा आकार, भिंतीची जाडी आणि डायस्टोलिक डिसफंक्शनचा, म्हणजे हृदय नीट सैल न पडण्याचा, उल्लेख शोधा, आणि डॉक्टरांना त्या तीन ओळी समजावून द्यायला सांगा.

या प्रकारावर पूर्वी आमच्याकडे पाण्याच्या गोळीपलीकडे सांगण्यासारखं थोडंच होतं. २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीचा सुमारे ६००० पेशंटवरचा निकाल आला: पंपिंग ४० टक्क्यांच्या वर असलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती यांचा एकत्र धोका २१ टक्क्यांनी घटला, आणि हा फायदा मुख्यतः भरती कमी झाल्याचा होता. पुढच्याच वर्षी डापाग्लिफ्लोझिन या त्याच जातीच्या गोळीनेही तेच दाखवलं. आईंना मधुमेह आहेच, तेव्हा ही गोळी चालू आहे का, नसेल तर का नाही, हे विचारा. त्यांच्या क्रिएटिनिनला ती सहसा चालते, पण लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि उलट्या-जुलाब किंवा उपास असेल त्या दिवशी ती थांबवावी लागते. आपल्याकडच्या एकादशी-चतुर्थीसाठी हे आधीच ठरवून घ्या. स्वतःहून कुठलीच गोळी सुरू करू नका, पाण्याची गोळी वाढवूही नका. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय ते धोक्याचं आहे.

मिठाचंही इथेच सांगतो. जे संप्रेरक शरीरातून मीठ हाकलायला धडपडतंय त्याच्यासमोर आपण पापड, लोणचं, सुकट आणि फरसाण वाढतो. आमटी अळणी करायला कुणी सांगत नाही. ताटाच्या डाव्या बाजूचं मीठ आणि या चार गोष्टी बंद केल्या तरी मोठा फरक पडतो.

दर महिन्याला तपासणी? नको. आकडा ठरावीक रेघेच्या खाली आणायचा म्हणून औषधं बदलत राहण्याचा प्रयोग मोठ्या अभ्यासात करून झालाय, २०१७ चा निकाल होता, नेहमीच्या चांगल्या उपचारापेक्षा त्यात जास्त फायदा दिसला नाही. त्या पैशांत एक चांगला वजनकाटा घ्या. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन, आणि ते कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ म्हणजे पाणी साठतंय, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रात्री दोनाच्या तीन उशा झाल्या, तर वजन न बघताही फोन.

तपासणी पुन्हा करायची ती कारण असेल तेव्हा: औषध बदलून सहा-आठ आठवडे झाल्यावर, दम वाढल्यावर, किंवा भरती झालीच तर घरी सोडताना. तेव्हा एनटी-प्रोबीएनपीच, त्याच लॅबमध्ये, आणि सोबत क्रिएटिनिन. आकडा रोज थोडा हलतोच. २८४० चे २५०० झाले तर त्यात आनंद नाही आणि ३१०० झाले तर घबराट नाही. ३० टक्क्यांहून जास्त फरक पडला तरच त्याला अर्थ द्यायचा. म्हणजे आईंच्या बाबतीत २००० च्या खाली आला तर उपचार लागू पडतोय असं मी म्हणेन, ३७०० च्या वर गेला तर काय बिघडलंय ते शोधेन. जुना बीएनपी ४१० चा कागद फाइलमध्ये ठेवा, पण त्यावर पेनाने ‘वेगळी तपासणी, तुलना करू नये’ असं लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी तुम्ही नसाल आणि आईंसोबत दुसरं कुणी गेलेलं असेल.